काशीचा नवरा चहा पितो

परवा एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. "सुगंधाबाई, चार वर्षांत तुमची दोन पुस्तकं आली. शाळा सांभाळून हे जमवता कसं? अलीकडची पुस्तकं, तुमचा लेखनप्रवास, असं काहीतरी लिहून द्या ना. सूर जरा कृतज्ञतेचा ठेवा."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवून हसत बसले. लेखनप्रवास म्हणे! सरावलीच्या शाळेत सातवीला मराठी शिकवायचं, चाचणीच्या उरलेल्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका घरी आणायच्या आणि पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांच्या पाठीवर लिहायचं, एवढाच माझा प्रवास. शयनगृहातून टेबलापर्यंत अकरा पावलं. पण कृतज्ञतेचं म्हणाल तर ती मात्र खरी आहे, अगदी गळ्याशी आलेली आहे. आणि ती कुणाबद्दल आहे हे सांगायचं तर माझीच अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागेल. मांडते. पन्नाशी उलटल्यावर अब्रूला तरी किती जपायचं?

मी मूळची जिंतूरकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. आमचे नागोराव इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कंपनीत फिटर होते. ते अबोल, मी फटकळ. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलायचे.

पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावची कोळीण जमुना डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. ओले बोंबील पाहून मी नाकाला पदर लावला. ती पाटी उतरवून पायरीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "नाक धरून किती दिस काढाल बाई? श्वास तर घ्यावाच लागंल." मला इतका राग आला की मी दार लावून घेतलं. मग आतून ऐकलं तर ती बाहेर एकटीच खदखदून हसत होती. दार उघडलं आणि मीही हसले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

मासळी साफ कशी करायची, कुठली कधी खायची, हे तिनं मला शिकवलं. पण त्याहून मोठं म्हणजे तिनं मला गोष्टी दिल्या. दर मंगळवारी पायरीवर बसून ती बोलायची. दर्याच्या, शेजारणींच्या, भांडणांच्या, लग्नांच्या गोष्टी. मी ऐकायचे आणि पहाटे लिहायचे. माझं पहिलं पुस्तक 'डबा खायची सुट्टी' शाळेतल्या पोरांवरचं होतं, ते माझं मी लिहिलं. पण यंदा जूनमध्ये आलेला कथासंग्रह, 'ओली चुंबळ', तो नखशिखांत जमुनाचा. त्यावर माझं नाव आहे, ही छपाईतली चूक समजा.

पालघरला एका सभागृहात प्रकाशन झालं. मी हट्टानं जमुनाला मंचावर बोलावलं आणि पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिनं आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले, मग पुस्तक घेतलं. "मला वाचता येत नाय," ती माइकसमोरच बोलली, "पण आमची दीपिका वाचून दावंल." टाळ्या पडल्या. दीपिका म्हणजे तिची धाकटी. माझ्याच हाताखाली सातवी झालेली, आता पालघरला नर्सिंग शिकते. त्या दिवशी मला वाटलं, सुगंधा, जन्माचं सार्थक झालं गं तुझं.

सार्थक कसलं! जुलै उजाडला आणि जमुना यायची बंद झाली.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. तेव्हा ती सुकट, सुके बोंबील घेऊन येते. एक मंगळवार गेला, दुसरा गेला, चौथा गेला. फोन केला तर कट. खरं सांगते, मला काळजी वाटायच्या आधी रागच आला. म्हटलं, पुस्तकात काय आली, बाईसाहेब भाव खायला लागल्या! रागाच्या भरात बाजारातून दुसऱ्या बाईकडून सुकट आणली. तिच्यात निम्मी वाळू निघाली. मग जास्तच राग आला.

ऑगस्टमध्ये, नारळी पुनवेच्या आधीच्या मंगळवारी, मधल्या सुट्टीत दीपिका शाळेत आली. चेहरा उतरलेला.

"बाई, तुमी घरी या. आई बाबांना होडीवर पाय ठेवू देत नाय."

"का गं? काय झालं?"

"तुमचं पुस्तक झालं."

मी खुर्चीत बसले. दीपिकानं सगळं सांगितलं. पावसात घरात बसून ती रोज एक गोष्ट आईबाबांना वाचून दाखवायची. दोघंही पोट धरून हसायचे. जमुना मध्येच ओरडायची, "हे मी बोलले व्हते! शब्दाशब्दाला तेच!" शेवटी शेवटची गोष्ट आली, 'काशी'. काशी कोळीण. डोक्यावर पाटी, तोंडावर पदर धरून हसणारी, दारात तेलाच्या कापलेल्या डब्यात तुळस लावणारी. आणि त्या गोष्टीत काशीचा नवरा एका सकाळी समुद्रावर जातो तो परत येत नाही.

"ते ऐकलं आणि आई उठली," दीपिका म्हणाली. "पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि बाहेर पडवीच्या वाशाला टांगलं. घरात ठेवत नाय आणि फेकतही नाय. बोलते, बाईंचं हाय, फेकू कसं? आणि बाबांना बोलते, छापून आलंय, आता दर्यावर जायचं नाय. शनिवारी पुनव. सगळ्यांच्या होड्या निघतील. आमची नाय निघाली तर दोन्ही खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जातील. मग अख्खा हंगाम होडी वाळूतच."

माझा स्वभाव पाहा. पोरगी रडवेली होऊन समोर उभी आणि मी तिच्यावरच डाफरले. "अगं, कथा आहे ती! काल्पनिक! तिचं नाव काशी आहे, जमुना नाही!"

"मला कळतं बाई. तुमीच शिकवलंत," दीपिका शांतपणे म्हणाली. "आईला समजवा."

शाळा सुटल्यावर शेअर रिक्षानं दांडी गाठली. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. साहित्य म्हणजे काय, वास्तव आणि कल्पना, वगैरे. पंचवीस वर्षं सातवीला शिकवणारी बाई, तिच्याकडे भाषणाला काय तोटा? भुरभुर पाऊस होता. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या उभ्या होत्या, आणि जमुनाच्या पडवीत वाशाला खरंच पिवळ्या पिशवीतलं माझं पुस्तक लटकत होतं.

पडवीत जमुनाचा नवरा शांताराम जाळं सांधत बसला होता. मला पाहून त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "या बाई, या. मयताच्या घरी आलात. बसा."

"त्वांड आवरा!" आतून जमुना कडाडली.

"बघा, मेलेल्या माणसालाबी बोलू देत नाय," तो मला हळूच म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

जमुना बाहेर आली. महिनाभरात वाळली होती. मी काही बोलायच्या आत तिनं पाट पुढे सरकवला आणि स्वतः भिंतीला टेकून उकिडवी बसली. मी भाषणाला सुरुवात केली. काशी ही तू नव्हेस, लेखक दहा माणसांतून एक माणूस घडवतो, लिहिल्यानं कुणाचं काही होत नसतं. ती ऐकून घेत होती. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मंग आता मी बोलते. नाव काशी हाय, कबूल. पण पाटी माझी. हसणं माझं. डब्यातली तुळस माझी. दारात पाय धुवायचा दगड पण माझाच. सगळं माझं घेतलंत, मी काय बोलले? आनंदच झाला. सव्वीस वर्सं मी तुमाला गोष्टी दिल्या त्या मोजून नाय दिल्या. पण बाई, सगळं माझं, तर मेलेला नवरा कुणाचा?"

शांतारामचा जाळ्यावरचा हात थांबला.

"आमच्यात दर्यावर गेलेल्या माणसाला 'गेला' बोलत नाय. आणि तुमी छापून ठेवलंत, पालघरच्या दुकानात ठेवलंत," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं. झोप उडाली. रोज तेच मनात. दीपिकाला बोलले, परत वाच. ती परत वाचायची. दहादा वाचायला लावलं. तवा एक गोष्ट ध्यानात आली."

ती पुढे सरकली. "काशीचा नवरा दारापर्यंत जातो, माघारी येतो आणि बोलतो, अर्धा कप चहा टाकतेस का? काशी सुकट निवडत असते. ती मान वर न करता बोलते, आल्यावर. बराबर?"

"हो."

"बाई, आमचा माणूस चहा पीत नाय. जन्मात नाय प्याला, पोटात जळतं त्याच्या. तुमाला ठाऊक हाय, तुमच्या घरी आला तरी सरबत मागतो. सव्वीस वर्सांत तुमी माझी एक गोष्ट चुकवली नाय, मग हीच कशी चुकली?" तिचा आवाज एकदम खाली आला. "काशीचा नवरा चहा पितो. हा कोण माणूस हाय?"

काय सांगू तुम्हाला. माझं सगळं भाषण, सगळी पुस्तकं, सगळी अक्कल त्या एका प्रश्नापाशी संपली.

तीन वर्षांपूर्वीची सकाळ. साडेसहा. नागोरावांची पहिली पाळी होती. मी टेबलावर लिहीत होते. कधी नव्हे ती गोष्ट धावत होती, हात थांबत नव्हता. ते चपला घालून दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "सुगंधा, अर्धा कप चहा टाकतेस का? थंडी वाजतेय." या माणसानं उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलं काय, तर हे. आणि मी कागदावरून डोळे न उचलता म्हणाले, "आल्यावर." ते म्हणाले, "बरं. येतो." कंपनीची बस येते त्या थांब्यावरच त्यांना झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ज्या गोष्टीसाठी मी उठले नाही, ती गोष्ट पुढे मला पुरीही करता आली नाही. हे मी कुणाला, कुणालाही सांगितलं नव्हतं. तेराव्याला आलेल्यांना सांगितलं नाही, माझ्या मुलाला सांगितलं नाही, जमुनालाही नाही.

त्या दिवशी त्या पडवीत सगळं सांगितलं. नाक, डोळे, पदर, सगळं एक झालं. बाई म्हणून पंचवीस वर्षं कमावलेला रुबाब त्या पाटावर वाहून गेला. शांताराम जाळं ठेवून हळूच उठला आणि पावसात बाहेर जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, आता जमुना चिडेल. चिडायचा तिला हक्कच होता. मी माझं मढं उचलून तिच्या दारात नेऊन ठेवलं होतं, कारण माझ्या दारात मला ते बघवत नव्हतं. पण ती जवळ आली आणि माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिली. "रड," ती म्हणाली. "रड तू. तीन वर्सं कुठं ठेवलं व्हतंस एवढं?" जमुना मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "पुस्तकातलं बदलते मी. दुसऱ्या आवृत्तीत काशीचा नवरा परत आणते."

"नको," ती म्हणाली. "खोटं कशाला लिवता? तो माणूस माझा नाय, हे कळलं मला. पण बिचाऱ्याला परक्याच्या दारात कशापाई उभा केलात? त्याला तुमच्या घरी न्या. त्याच्या नावानिशी न्या." ती पुन्हा 'तुमी'वर आली होती. मग उठून तिनं वाशाची पिशवी सोडली, पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि आत देवाच्या फळीवर नेऊन ठेवलं. माझ्या पुस्तकाला याहून मोठा पुरस्कार कुठला मिळायचा आहे?

पण शांतारामनं बाहेरून विचारलं, "मंग शनिवारी होडी काढू का?" तर ती आतच भांडी आवरत राहिली. ते काही मला चांगलं वाटलं नाही.

बुधवारी पहाटे टेबलावर बसले. आधी उठून चहा केला. अर्धा कप समोर ठेवला आणि प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर पहिल्या ओळीत लिहिलं: नागोराव. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव कागदावर लिहिलं, बँकेचे आणि पेन्शनचे अर्ज सोडले तर. मग थांबलेच नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शाळेत पोरं म्हणाली, "बाई, आज तुम्ही ओरडला नाहीत." म्हटलं, उद्या ओरडते, उधारी ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी दारात ओळखीचा आवाज आला. "सुकट घ्यायची का, का बाजारातली वाळू गोड लागली?" वाळूचं मी दीपिकापाशी बोलले होते, तिनं चुगली केली होती तर! मी जमुनाला पायरीवर बसवलं आणि लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. नागोरावांची सायकल, त्यांचं डबा घासून आणणं, माझ्या पहिल्या पुस्तकाच्या दहा प्रती कंपनीत वाटून घरी येऊन "विकल्या" असं सांगणं, आणि शेवटी तो अर्धा कप. वाचून झालं तेव्हा पाटी उचलताना जमुना म्हणाली, "उद्या दुपारी भरतीच्या आधी या. चांगलं लुगडं नेसून या."

आज ती नागोरावांची गोष्ट एका दिवाळी अंकाकडे गेली आहे. अंकाचे संपादक विचारतात, बाई, तुमची शैली बदलली का. शैली कसली! एका बाईनं मला माझ्या घराचं दार उघडून दिलं, एवढंच.

शनिवारी साडेअकराला दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचले. होड्यांना पताका, झेंडूच्या माळा, बायका नवी लुगडी नेसलेल्या. शांतारामची होडी पाण्यात उतरवलेली पाहिली आणि मनातलं दडपण निम्मं उतरलं. मी आपली मागे, गर्दीच्या कडेला उभी राहिले. नारळाच्या वेळी सवाष्णी पुढे असतात, माझ्यासारखीनं कुठे उभं राहायचं हे मला कुणी सांगायला लागत नाही.

जमुनाच्या हातात कुंकू लावलेला नारळ होता. तिनं मान वळवून मला शोधलं. "बाई! पुढं या. हात लावा याला."

शेजारची ठकीमावशी चपापली. "जमुने, अगं, काय करतेस?" ती म्हातारी वाईट नाही, रीत तीच आहे. मीही मागे सरकले. आणि हे धाडस करणारी जमुना कोण? छापलेल्या चार ओळींना भिऊन महिनाभर पुस्तक घराबाहेर टांगणारी.

"ठकीमावशी," जमुना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "जिचा माणूस 'येतो' बोलून आला नाय, तिच्यापरीस जीव तोडून 'सुखरूप ये' कोण बोलणार? तू का मी?"

मग ठकीमावशीनंच माझ्या कोपराला धरून मला पुढे ढकललं. मी नारळाला हात लावला. नारळ पाण्यात गेला, एकदा बुडाला, वर आला आणि भरतीच्या पाण्यावर डुलत राहिला.

खलाशी होडीवर चढले. शांताराम गुडघाभर पाण्यात उतरला तसा जमुनानं हाक मारली, "थांबा!" तिनं पिशवीतून थर्मास काढला, एक कप काढला आणि बेतानं चहा ओतला. बरोबर अर्धा.

"अगं, मला चहा..." शांताराम कळवळला.

"ठाऊक हाय. प्या."

"आल्यावर पितो की!"

"आल्यावर नाय," जमुना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आत्ता. माझ्यासमोर."

होडीवरून खलाशी हसले. शांतारामनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काढा प्यावा तसं तोंड वाकडं करत त्यानं तो चहा थेंबाथेंबानं संपवला. कप उलटा करून दाखवला. जमुनानं हात पुढे केला होता, पण त्यानं कप तिच्या हातात दिला नाही. दोन पावलं चालून तो माझ्यापाशी आला.

"घ्या बाई. प्यालो," तो म्हणाला. "येतो."

कप अजून गरम होता. मी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "या."